कथा-कादंबरी सुरू करणं आणि संपवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीतल्या आमच्या छोट्या लेखन-गटाकडे तासगाव, विटा, जत, मिरज, कराड, साताऱ्याहून प्रश्न येत असतात. कुणी फोन करतं, कुणी बैठक संपल्यावर थांबून विचारतं, बरेच जण रात्री उशिरा व्हॉट्सअॅपवर लिहितात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत घेतले आहेत. इतक्या जणांशी बोलून माझं एक मत पक्कं झालं आहे: आपल्याकडे सुचण्याची वानवा नाही, पूर्ण झालेल्या खर्ड्यांची आहे. म्हणून अर्ध्यावर अडकलेल्यांनी आधी प्र. ७ ते ९ वाचावेत, बाकीचं सवडीनं.

प्र. १. गोष्ट डोक्यात पूर्ण तयार आहे, पण वही उघडली की एक ओळ सुचत नाही. सुरुवात कुठून करू?

डोक्यात असते ती बहुतेक वेळा परिस्थिती असते. "धरणात गाव गेलं", "सासू-सुनेचं कधी पटलं नाही", "दुष्काळात माणसं चारा छावणीवर राहिली" या परिस्थिती आहेत. त्यातून गोष्ट व्हायला एक माणूस लागतो, त्याला ठरावीक वेळेत काहीतरी हवं असावं लागतं आणि त्याच्या आड काहीतरी यावं लागतं. तेवढंच तीन वाक्यांत लिहून पाहा. उदाहरणार्थ: मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारा हमाल आहे. मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाची फी शुक्रवारपर्यंत भरायची आहे. त्याची पाठ धरली आहे आणि मुकादमाला कळलं तर उद्यापासून काम बंद. इतकं हाताशी आलं की प्रश्न पडतोच, मग बुधवारी काय झालं? तिथून लिहा.

पहिल्या वाक्यापासूनच सुरुवात करायला हवी असंही नाही. जो प्रसंग सगळ्यात स्पष्ट दिसतो, ज्यात कोण कुठं उभं आहे तेसुद्धा दिसतं, तो आधी उतरवा. मधला असला तरी चालेल. कथेची पहिली ओळ मी तरी शेवट लिहून झाल्यावरच ठरवते.

प्र. २. आधी कथा लिहू की थेट कादंबरीच घेऊ?

कथा. दोन-तीन हजार शब्दांची कथा महिन्याभरात पुरी होऊ शकते, आणि लेखन पुरं कसं करायचं हे एखादं पुरं केल्याशिवाय कळत नाही. कादंबरीचा अंदाज हवा असेल तर डेमी आकाराच्या छापील पानावर साधारण अडीचशे ते तीनशे शब्द बसतात. म्हणजे ५०,००० शब्दांचा मजकूर बारा फॉर्म्यांच्या, सोळा-सोळा पानांच्या हिशोबानं १९२ पानांच्या पुस्तकाच्या आसपास जातो.

अपवाद आहे. तीन पिढ्यांचा ऐवज असेल तर तो कथेत कोंबू नका. पण त्यातलाही एक प्रसंग सुटा काढून आधी कथा म्हणून लिहा. माणसं ओळखीची होतात, कोणाच्या तोंडून सांगायचं ते कळतं, आणि पुढं तेच एखादं प्रकरण होऊ शकतं.

प्र. ३. रोज लिहायलाच हवं का? माझी द्राक्षबाग आहे. छाटणी झाली की फवारणीच्या दिवसांत जेवायला सवड नसते.

रोज लिहायला हवं हा सल्ला ठरावीक वेळेची नोकरी असणाऱ्यांचा आहे. बागेचं वर्ष वेगळं चालतं. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षं निघेपर्यंत आणि पुढं बेदाण्याच्या शेडवर लक्ष घालण्यात तुमचे महिने जातात. त्या काळात खर्डा लिहिण्याचा हट्ट सोडा आणि फक्त टिपण करा: ऐकलेलं वाक्य, सौद्याच्या वेळचा एखादा चेहरा, बागेत सुचलेला प्रसंग. फोनमध्ये बोलून ठेवलं तरी पुरे. खर्ड्याला पावसाळ्यातले जरा मोकळे आठवडे राखून ठेवा.

हिशोब साधा आहे. एका बैठकीत ३०० शब्द आणि आठवड्यात चार बैठका धरल्या तर महिन्याला सुमारे ५,००० शब्द होतात. म्हणजे असे दहा महिने मिळाले की ५०,००० शब्द. ते सलग असायला हवेत असं कुठं आहे? खंड पडण्याआधी मात्र एक काम कराच. बैठक संपवताना पुढचा प्रसंग काय आहे ते दोन ओळींत लिहून ठेवा. चार महिन्यांनी परत आलात तर त्या दोन ओळी तुम्हाला दारातून आत घेतात.

प्र. ४. ताई, घरात लिहायला बसले की "काय करतेस?" म्हणून दहादा विचारतात. जागाही नाही. काय करू?

हा प्रश्न जवळजवळ नेहमी बायकांकडूनच येतो आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं. "लिहिते" या उत्तराला घरात काम म्हणून मान मिळायला वेळ लागतो. मी एवढंच सुचवेन की घरच्यांना वेळ आणि मुदत दोन्ही सांगा: "मंगळवार-शुक्रवार दुपारी तीन ते चार, दसऱ्यापर्यंत." कशाची तरी मुदत आहे म्हटलं की माणसं जरा वाट सोडतात. जमत असेल तर तो तास घराबाहेर काढा. नगर वाचनालयाच्या वाचनकक्षात कुणी चहा मागत नाही. एसटीनं रोज ये-जा करणाऱ्या एक शिक्षिका त्यांचे सगळे संवाद विटा-सांगली प्रवासात लिहितात. वर्षात एखादा पूर्ण दिवस मिळाला तर पाचगणी-महाबळेश्वरच्या मध्ये असलेल्या भिलारला जा. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत पुस्तकं ठेवली आहेत आणि वहीत मान घालून बसलेल्या बाईकडे तिथं कुणी वळून पाहत नाही.

लिहिलेलं घरी दाखवायचं का, ते प्र. ११ मध्ये.

प्र. ५. वहीत लिहू की मोबाइलवर?

जिथं हात चालतो तिथं. टाइप करत असाल तर युनिकोडमध्येच करा. गुगलचा मराठी कीबोर्ड असो की इनस्क्रिप्ट, दोन्हींनी युनिकोडच उमटतं. जुन्या डीटीपी पद्धतीच्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतलेली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर निरर्थक अक्षरांची दिसते आणि रूपांतर करताना जोडाक्षरं, रफार बिघडतात. बोलून टाइप करण्याची सोय पहिल्या खर्ड्याला उपयोगी आहे, पण ती विरामचिन्हं गाळते आणि बोलीतले शब्द प्रमाण करून टाकते.

वहीत लिहिणाऱ्यांना कळकळीची विनंती: दर आठवड्याला पानांचे फोटो काढा आणि ते ईमेलनं स्वतःला पाठवा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्या पुरात या शहरातल्या कितीतरी कपाटांतली कागदपत्रं गेली. घर नदीकाठी असेल तर वह्या खालच्या मजल्यावर ठेवूच नका.

प्र. ६. आधी आराखडा करावा का?

कथेला शेवटचा प्रसंग ठाऊक असला तरी पुरतं. कादंबरीला प्रत्येक प्रकरणाची एक ओळ, सगळ्या मिळून एका कागदावर मावतील इतकीच. लिहिताना आराखडा बदलला तर कागद बदला. याहून लांब आराखडे करणारे बरेच जण पुढं आराखडाच सुधारत बसतात.

प्र. ७. पहिली तीन प्रकरणं पुन्हा पुन्हा लिहून झाली. चांगली झाली आहेत असं लोक म्हणतात. पण चौथं होतच नाही.

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, कारण चांगलं लिहिणारी माणसं इथंच अडकतात. वाईट लिहिणारा पुढं निघून जातो, चांगलं लिहिणाऱ्याला मागचं खुपत राहतं.

होतं असं की पहिलं प्रकरण जितकं घासावं तितकं ते गुळगुळीत होतं आणि नव्या प्रकरणाचा कच्चा मजकूर त्याच्या शेजारी ओबडधोबड दिसू लागतो. मग चौथं लिहायची भीती वाटते आणि आपण सुरक्षित जागी, म्हणजे पुन्हा पहिल्या प्रकरणात जातो. त्या बैठकीत काम झाल्यासारखं वाटतं. पण सहा महिन्यांनी हातात तीच तीन प्रकरणं असतात.

दुसरं कारण जास्त खोल आहे. पहिलं प्रकरण नीट करायला शेवट माहीत लागतो. कोणती वस्तू आधी दाखवून ठेवायची, कोणत्या माणसाला पहिल्या पानावर आणायचं, कुठली माहिती लपवायची, हे सगळं शेवटावर ठरतं. शेवट लिहिला नसेल तर तुम्ही पहिलं प्रकरण सुधारत नसता, त्याचे शब्द नुसते बदलत असता. म्हणून खर्डा पुरा होईपर्यंत मागं जाऊन दुरुस्ती करायची नाही, हा माझा एकमेव कडक नियम आहे.

कसं पाळायचं? लिहून झालेली प्रकरणं दुसऱ्या वहीत किंवा वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, म्हणजे बसल्या बसल्या ती डोळ्यांपुढं येणार नाहीत. मागं काही बदलायचं सुचलं तर एका "दुरुस्ती" नावाच्या पानावर टिपा: "प्रकरण दोनमध्ये आज्जीला ऐकू कमी येतं असं करायचं." आणि पुढं लिहिताना आज्जीला कमी ऐकू येतंय असं धरूनच चाला. मागं काय लिहिलंय ते तूर्त विसरा. खर्ड्यात विसंगती असतील, एकाच माणसाची दोन नावं असतील. असू देत. ते सगळं दुरुस्तीत जातं (प्र. १४).

प्र. ८. निम्म्यावर आलं की कंटाळा येतो आणि नेमकी तेव्हाच दुसरी भारी कल्पना सुचते. ती लिहायला घेऊ का?

घेऊ नका. टिपून ठेवा, तारीख घाला, वही मिटा. नवी कल्पना भारी वाटते कारण तिच्यातल्या अडचणी अजून भेटलेल्या नसतात. निम्म्यावर पोहोचल्यावर तिचीही हीच गत होईल.

कंटाळ्याकडे मात्र नीट बघा, त्यात माहिती असते. बहुतेक वेळा मधल्या भागात माणसं नुसती इकडून तिकडं जात असतात: बसमधून उतरतात, चहा पितात, जुन्या आठवणी काढतात, निघतात. कुणाचं काही बिघडत नाही. अशा वेळी स्वतःला विचारा की या प्रसंगाआधी माणसाकडे जे होतं त्यातलं काय प्रसंगानंतर उरलं नाही. विश्वास, पैसा, वेळ, एखादं गुपित, काहीही चालेल. काहीच गेलं नसेल तर तो प्रसंग दोन ओळींत उरकून पुढच्यावर उडी मारा. आपल्या हमालाचंच घ्या. मंगळवारी तो तीन ओळखीच्या माणसांकडे उसने मागायला जातो आणि तिघंही नाही म्हणतात. तीन भेटी सारख्याच लिहिल्या तर वाचणाराही कंटाळेल. पहिला नाही म्हणाला, दुसऱ्यानं पैसे दिले पण मुकादमाला सांगून टाकलं, म्हणून तिसऱ्याकडे जायची वाटच बंद झाली, असं लिहिलं की कथा पुढं सरकते.

कधी कधी कंटाळ्याचं कारण वेगळंच निघतं. जे लिहायला जीव धजत नाही ते टाळत आपण भोवती फिरत असतो. घरातलं एखादं मरण, एखाद्या जवळच्या माणसानं केलेला अन्याय. तसं असेल तर तो प्रसंग आधी लिहा, वाईट लिहा, पण लिहा. बाकीचं आपोआप सैल होतं. ज्यांना खऱ्या माणसांची काळजी आहे त्यांनी प्र. १३ पाहावा.

प्र. ९. सगळं लिहून झालंय, फक्त शेवट सुचत नाही.

शेवट सुचत नाही तेव्हा अडचण बहुधा मागं असते. पहिल्या पानावर माणसाला काय हवं होतं ते पुन्हा वाचा. ते मिळालं, मिळालं नाही, किंवा मिळालं तेव्हा नकोसं झालं. यापैकी काय घडलं याचं उत्तर तुमच्याकडे नसेल तर सुरुवातीला त्याला पुरेसं ठामपणे काही हवंच नव्हतं. तिथं दुरुस्ती टिपा आणि ती केली आहे असं समजून शेवट लिहा.

नवशिक्या खर्ड्यांत तीन प्रकारचे शेवट फार येतात: अचानक मृत्यू, सगळं स्वप्न होतं, आणि लेखकानं पुढं येऊन केलेला उपदेश. तिन्हींत माणसाला निर्णय घ्यावा लागत नाही, म्हणून ते फसतात. शेवटच्या प्रसंगात मुख्य माणसानं स्वतः काहीतरी करावं, निदान करायचं नाकारावं. हमालानं शुक्रवारी सकाळी यार्डात जाऊन पोतं उचललं की मुकादमाला खरं सांगितलं, यातलं एक तुम्हाला निवडावं लागेल. दोन्ही लिहून पाहायला एक दुपार पुरते आणि दुसरं लिहिताना पहिलं का नको तेही कळतं.

आणखी एक. शेवट लिहून झाल्यावर त्याच्या आधीचा परिच्छेद वाचा. पुष्कळदा कथा तिथंच संपलेली असते.

प्र. १०. आमच्याकडं बोलतात तसंच लिहू का? लोक "अशुद्ध" म्हणतील का?

लिहा. या जिल्ह्यातल्या बोलींनी मराठी कथेला भरभरून दिलं आहे. पण आधी ठरवा की निवेदन कोणाचं आहे. कथा पात्र स्वतः सांगत असेल तर सगळीच बोलीत येऊ शकते. निवेदक बाहेरचा असेल तर निवेदन प्रमाण आणि संवाद बोलीत, ही रीत वाचणाऱ्यांच्या सवयीची आहे.

बोली अक्षरांच्या मोडतोडीपेक्षा वाक्याच्या वळणात जास्त असते. "येतो की", "बघा की जरा", "आलास व्हय?", "कुटं निघालाईस?" यातला "की" आणि "व्हय" जागेवर असला तर प्रत्येक "नाही"चं "न्हाई" करायची गरज पडत नाही. एकदा एक रूप ठरवलं की शेवटपर्यंत तेच ठेवा. मुद्रितशोधक तुमची बोली सुधारू नये म्हणून अशा शब्दांची यादी खर्ड्याला जोडून द्या.

आटपाडीकडची माणदेशी बोली, कृष्णाकाठची, आणि जतच्या सीमेवरची कानडीचा हेल असलेली बोली या एक नाहीत. मिरजेच्या माणसाच्या तोंडी माणदेशी घातलीत तर इथल्या वाचकाला लगेच खटकेल. आणि एक आग्रह: बोली फक्त गडी-मजुरांच्या आणि म्हाताऱ्यांच्या तोंडी ठेवू नका. सांगलीचे डॉक्टर, प्राध्यापकही घरी "की" लावूनच बोलतात. बोली केवळ गरिबांना दिली की ती हसण्याची गोष्ट होते, आणि ते मला सहन होत नाही.

प्र. ११. लिहिता लिहिता कुणाला दाखवू?

खर्डा पुरा होईपर्यंत कुणालाही नाही, घरच्यांना तर नाहीच. अर्धवट मजकुराचं कौतुक झालं तरी लिहिणं थांबतं आणि टीका झाली तरी थांबतं. पुरा झाला की दोघांना द्या. एक जण भरपूर वाचणारा, दुसरा त्या विषयातला. म्हणजे हमालाची कथा यार्डात काम केलेल्या माणसाला. "कशी वाटली?" असं विचारू नका, "छान आहे" एवढंच उत्तर मिळेल. विचारा की वाचताना कुठं थांबलात, कुठं मागं जाऊन पुन्हा वाचावं लागलं, कोणतं माणूस खोटं वाटलं.

असे वाचक नसतील तर दर मकर संक्रांतीला कृष्णाकाठी औदुंबरला भरणाऱ्या साहित्य संमेलनाला जा. जवळपासची लिहिती-वाचती माणसं तिथं सहज भेटतात.

प्र. १२. जुन्या काळावर कादंबरी लिहितोय. अभ्यास संपल्यावरच सुरुवात करावी का?

अभ्यास संपत नसतो. मोघम माहितीवर खर्डा लिहा, जिथं अडेल तिथं चौकटीत "तपासणे" लिहून पुढं जा. खर्डा झाला की नेमकं काय शोधायचं ते कळतं आणि निम्मा अभ्यास वाचतो.

तपासताना नावं, नाणी आणि हद्दी आधी पाहा, चुका तिथंच होतात. प्रतिसरकारच्या काळातली, समजा १९४३ सालची गोष्ट असेल तर तुमचं पात्र "सांगली जिल्हा" म्हणू शकत नाही. तेव्हा तासगाव, वाळवा सातारा जिल्ह्यात होते, सांगली हे संस्थान होतं आणि कुंडल औंध संस्थानात. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. एप्रिल १९५७ च्या आधी बाजारात पैशांचा दशमान हिशोब नव्हता, रुपयाचे सोळा आणे होते. कोयनेचा मोठा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा, त्यामुळे त्या प्रसंगात माणसं झोपेतून उठायला हवीत. अलीकडच्या पुरावर लिहिणाऱ्यांनाही हेच लागू: आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, हे सांगलीत लहान पोरालाही माहीत असतं.

जुनी जिल्हा गॅझेटियर, वाईहून निघालेला मराठी विश्वकोश (इंटरनेटवर मोफत वाचता येतो) आणि गावातली ऐंशीच्या पुढची माणसं, या क्रमानं जा. माणसांकडे आधी जायला हवं असेल तर तेही बरोबर आहे, ती थांबत नाहीत.

प्र. १३. गावातल्या खऱ्या माणसावर लिहिलं तर तो कोर्टात जाईल का?

जाऊ शकतो. बदनामीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, आणि मृत व्यक्तीबद्दलचं लेखन कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूनं केलं असेल तर तेही त्यात येऊ शकतं. "सर्व पात्रे काल्पनिक" ही ओळ छापल्यानं आपोआप संरक्षण मिळत नाही. नाव बदलून भागत नाही, कारण गाव घरावरून, धंद्यावरून, लंगडण्यावरून माणूस ओळखतं. धंदा बदला, घरातली माणसं बदला, दोन माणसांचं एक करा. बहुतेक वेळा कथाही यानं सुधारते, कारण घडलं तसंच लिहायचं दडपण उतरतं.

घरच्यांबद्दल लिहिताना कायद्याआधी नातं येतं. खर्डा मोकळेपणानं लिहा. छापायचा की नाही हा वेगळा निर्णय आहे आणि तो खर्डा पुरा झाल्यावर घ्या. गंभीर आरोप असलेला मजकूर असेल तर छापण्याआधी वकिलाला दाखवा.

प्र. १४. पूर्ण झालं हे कसं ओळखायचं? दुरुस्ती तर संपतच नाही.

खर्डा संपल्यावर निदान तीन आठवडे तो पाहू नका. मग तीन फेऱ्या करा, प्रत्येक फेरीत एकच गोष्ट. पहिल्या फेरीत प्रसंग: कोणता काढला तरी चालेल, कोणता कमी पडतो. "दुरुस्ती" पानावरच्या टिपा इथं संपवा. दुसरीत माणसं आणि संवाद. हे मोठ्यानं वाचूनच होतं, जीभ अडते ते वाक्य खोटं असतं. तिसरीत शुद्धलेखन. १९६२ मध्ये लागू झालेले आणि १९७२ मध्ये वाढवलेले नियम मिळून अठराच आहेत, एका बैठकीत वाचून होतात. "असे केले" लिहायचं की "असं केलं", ते निवेदनात एकदा ठरवून सगळीकडं सारखं ठेवा.

चौथ्या फेरीत तुम्ही मागच्या फेरीत बदललेला शब्द परत आणायला लागलात तर थांबा. काम झालं आहे.

प्र. १५. एआयकडून थोडं लिहून घेतलं तर?

टंकलेखनातल्या चुका शोधायला वापरा. कथा लिहून घेऊ नका. अडकण्याच्या जागी दुसऱ्यानं लिहून दिलं तर पुढच्या कथेत तुम्ही त्याच जागी पुन्हा अडकाल. काही स्पर्धा आणि संपादक असं लेखन घेतच नाहीत, त्यांचे नियम वाचा.

प्र. १६. पाठवल्यावर माझी कथा कुणी चोरली तर? कॉपीराइटची नोंदणी करावी का?

कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे तुम्ही लिहिलेल्या मजकुरावर हक्क लिहिताक्षणीच तुमचा होतो. नोंदणी सक्तीची नाही. हवी असेल तर कॉपीराइट कार्यालयात साहित्यकृतीसाठी ५०० रुपये शुल्क भरून करता येते, वादाच्या वेळी ती पुरावा म्हणून उपयोगी पडते. तारखा असलेले खर्डे आणि ईमेलही जपून ठेवा. हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. कल्पनेवर मात्र कुणाचाच हक्क नसतो: "हमाल, मुलीची फी आणि शुक्रवार" यावर आणखी दहा जण लिहू शकतात, आणि त्यातली एकही कथा तुमच्यासारखी होणार नाही.

प्र. १७. कुठं पाठवू? एक प्रकाशक पैसे मागतोय.

कथेसाठी दिवाळी अंक. ही परंपरा १९०९ पासूनची आहे आणि आजही नव्या लेखकाला एवढी मोठी दारं दुसरीकडे उघडी नाहीत. दिवाळी अंकाचं साहित्य पावसाळ्यातच गोळा होतं, म्हणून जून-जुलैपर्यंत पाठवा. एक कथा एका वेळी एकाच अंकाला. फेसबुकवर आधी टाकलेली कथा बरेच संपादक प्रकाशित धरतात, तेव्हा पाठवायची असेल ती टाकू नका.

पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. तिची जाहिरात निघाली की नियम वाचून हस्तलिखित पाठवा.

प्रकाशक पैसे मागत असेल तर त्यात फसवणूकच आहे असं नाही, पण आधी लेखी विचारा: किती प्रती, किती फॉर्मे, मुद्रितशोधन कोण करणार, विक्री कोण करणार, उरलेल्या प्रती कुणाच्या. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात मोफत मिळतो, त्याचे वेगळे पैसे मागितले तर कारण विचारा. करारात हक्क किती वर्षांसाठी दिले ते लिहून घ्या. मुदत लिहिली नसेल तर कायद्यानं ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रकाशकानं वर्षभरात हक्क वापरले नाहीत तर करारात वेगळं काही नसल्यास ते तुमच्याकडे परत येतात. "सर्व हक्क कायमचे" अशा ओळीखाली सही करू नका, कितीही घाई असली तरी.

प्र. १८. मी एकांकिका लिहितोय. हे सगळं तिला लागू होतं का?

प्र. १ आणि ७ ते ९ पूर्ण लागू. फरक एवढाच की नाटक कागदावर संपत नाही. चार जणांना बसवून वाचन करा, शक्यतो नटांकडून, आणि तुम्ही गप्प बसून ऐका. सांगलीत नाटकाची परंपरा १८४३ पासूनची, त्यामुळे वाचायला माणसं मिळतात. सार्वजनिक प्रयोगाआधी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी वेळ राखून ठेवा.

प्र. १९. वडिलांची कादंबरी अर्धवट राहिली आणि ते गेले. मी पुरी करून छापू शकतो का?

हक्क वारसांकडे येतो. तुम्ही एकटे वारस नसाल तर आई, भाऊ, बहीण सगळ्यांची लेखी संमती घ्या, बहिणीची विसरली जाते म्हणून मुद्दाम सांगते. वडिलांनी मृत्युपत्रात हस्तलिखितं दुसऱ्या कुणाला दिली असतील तर त्याची परवानगी लागेल. लेखकाच्या निधनानंतर पहिल्यांदा छापलेल्या लेखनाचा हक्क प्रकाशनापासून पुढं ६० वर्षं टिकतो.

लिहिताना आधी वह्यांची जशीच्या तशी नक्कल करा, खाडाखोडीसह, आणि मूळ वह्यांवर एकही खूण करू नका. त्यांच्या टिपणांत शेवटाचा इशारा मिळतो का पाहा. नसेल तर त्यांची शैली उतरवायच्या मागे लागू नका. त्यांचा मजकूर कुठं संपतो आणि तुमचा कुठं सुरू होतो ते पुस्तकात स्पष्ट छापा, आणि मुखपृष्ठावर दोन्ही नावं घाला, त्यांचं आधी.